माध्यमं, लिंगभाव आणि संस्कृती : समर स्कूलची तयारी कोल्हापुरातूनच करा

युरोपातली बरीच विद्यापीठं जून ते ऑगस्ट या त्यांच्या सुटीच्या काळात बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी छोटे अभ्यासक्रम चालवतात. एक आठवडा ते चार आठवडे, रोज काही तास वर्ग, घरी वाचायला लेख, शेवटी एखादं सादरीकरण किंवा निबंध. यालाच समर स्कूल म्हणतात. वर्तमानपत्रं, जाहिराती, मालिका, सिनेमा आणि मोबाइलवरचे रील आपल्या मनातली बाई आणि आपल्या मनातला पुरुष कसे घडवतात, हा तिथे नेहमी शिकवला जाणारा विषय. पत्रकारितेची पदवी लागतेच असं नाही. मराठी, समाजशास्त्र, कायदा, चित्रकला, काहीही शिकत असाल तरी चालतं. अट काय ती त्या त्या अभ्यासक्रमाच्या पानावर दिलेली असते.

माझ्याकडे चौकशीला येणारी मुलं-मुली बहुतेक वेळा सिद्धांतांना घाबरलेली असतात. त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते : सिद्धांत तिथे शिकवतात, सामग्री आपण न्यायची असते. वर्गात वीस देशांतली माणसं बसलेली असताना प्राध्यापक विचारतात, तुमच्याकडे हे कसं दिसतं? त्या वेळी "भारतात स्त्रियांना दुय्यम स्थान आहे" असं मोघम बोलणाऱ्यापेक्षा आपल्या चौकातला एक फोटो, आपल्या वर्तमानपत्रातलं एक पान आणि आपल्या आजीचं एक म्हणणं घेऊन आलेला विद्यार्थी कितीतरी पुढे असतो. म्हणून तयारीला निदान सहा महिने द्या, आणि त्यातला मोठा भाग कोल्हापूर नीट बघण्यात घालवा.

पहिलं काम : विषय आपल्या भाषेत समजून घ्या

शरीराने बाई किंवा पुरुष असणं वेगळं, आणि बाईने कसं हसावं, पुरुषाने कसं उभं राहावं, रडावं की नाही, याबद्दल समाजाने लावलेली वळणं वेगळी. ही वळणं म्हणजे लिंगभाव. माध्यमं ती नुसती दाखवत नाहीत. ती काही गोष्टी निवडतात, काही वगळतात, आणि निवडलेलं इतक्यांदा दाखवतात की ते निसर्गानेच तसं केलंय असं वाटायला लागतं.

हा विचार फक्त पाश्चात्त्यांचा आहे असं समजू नका. सुरतेतल्या एका तरुण विधवेवर बालहत्येचा खटला चालला, तेव्हा पुण्याच्या एका वर्तमानपत्राने साऱ्या स्त्रीजातीला दोष दिला. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये पुस्तक लिहून उत्तर दिलं : जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? म्हणजे बातमीतून बाईची प्रतिमा कशी रंगवली जाते याची चिकित्सा मराठीत एकशेचाळीस वर्षांपूर्वी झालेली आहे. समर स्कूलच्या अर्जात याचा उल्लेख करा. तो तुमचा वारसा आहे, आणि तिथल्या बहुतेकांना तो नवा असतो.

दुसरं उदाहरण बालगंधर्वांचं. नारायण श्रीपाद राजहंस हा पुरुष रंगभूमीवर भामिनी, रुक्मिणी, सिंधू होऊन उभा राहायचा, आणि त्याच्या साड्या, दागिने, केसांतली फुलं यांची नक्कल घरंदाज बायका करायच्या. बाईपणाचा नमुना पुरुषाने घडवायचा आणि बायकांनी तो अंगीकारायचा, ही गोष्ट आपल्या पणज्यांनी पाहिली आहे. लिंगभाव हा करून दाखवायचा, वठवायचा प्रकार आहे, हा आजच्या अभ्यासातला मध्यवर्ती विचार. तो पुस्तकातून कळायला जड जातो, बालगंधर्वांवरून चटकन कळतो.

दुसरं काम : चार हत्यारं हाताळा

वाचनयादी मोठी असते, पण जाण्याआधी माध्यमं आणि समाजाच्या चार अभ्यासकांचे विचार माहीत असले की वर्गात गोंधळायला होत नाही.

स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं की माध्यमाने एक अर्थ भरून पाठवला म्हणून प्रेक्षक तोच घेतो असं नाही. कुणी तो जसाच्या तसा मान्य करतं, कुणी थोडा मानून थोडा सोडतं, कुणी साफ उलटा वाचतं. लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये सिनेमाचा कॅमेरा पुरुषाच्या डोळ्याने बघतो आणि बाईला बघण्याची वस्तू करतो असं दाखवलं. गे टकमन यांनी १९७८ मध्ये तिसरी गोष्ट सांगितली : माध्यमं स्त्रियांना एकतर दाखवतच नाहीत, दाखवलं तर क्षुल्लक करतात किंवा दोष देतात. आणि अर्व्हिंग गॉफमन यांनी जाहिरातींतली छायाचित्रं घेऊन त्यातले हात, उंची, नजर तपासली. वस्तू कुणी घट्ट पकडली आहे, कुणी नुसती बोटांनी स्पर्शली आहे. कोण वर आहे, कोण खाली. कोण समोर बघतंय, कोणाची नजर भलतीकडे आहे.

गॉफमन यांचं हत्यार मला सगळ्यात आवडतं, कारण त्याला दोन डोळे आणि एक वही एवढंच लागतं. राजारामपुरीत किंवा गंगावेशला कुठल्याही चौकात थांबा. वाढदिवसाचा डिजिटल, म्हणजे छापील फ्लेक्सचा फलक, लागलेला असतो. मधोमध वाढदिवसवाला, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी, छाती पुढे. वरच्या कडेला नेत्यांचे गोल फोटो, खाली 'शुभेच्छुक' म्हणून ओळीने चेहरे. सगळे चेहरे मोजा, मग त्यातल्या बायका मोजा. कोण हसतंय आणि कोण करड्या नजरेने बघतंय ते लिहा. नंतर हळदी-कुंकवाचा किंवा महिला दिनाचा डिजिटल शोधा आणि तोच तक्ता भरा. रंग बदललेत का? अक्षरं गोलाकार झालीत का? कार्यक्रम बायकांचा असताना सगळ्यात मोठा फोटो कुणाचा आहे?

निवडणुकीच्या काळात तर हा खजिना आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. अशा जागेवरच्या उमेदवार बाईंच्या डिजिटलवर पतीचा फोटो आहे का, केवढा आहे, नमस्कार कोण करतंय आणि हात उंचावून अभिवादन कोण करतंय, हे टिपा. असे दहा-पंधरा फलक तारीख-ठिकाणासह जमले की तुमच्या हातात स्वतःचा अभ्यास तयार झाला. हा अभ्यास मी तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही.

तिसरं काम : वर्तमानपत्राचं एक पान, आठवडाभर

१९९५ पासून दर पाच वर्षांनी जगभरातले स्वयंसेवक ठरलेल्या एका दिवसाच्या बातम्या तपासतात. ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट हे त्याचं नाव. बातमीत ज्यांच्याबद्दल लिहिलं किंवा ज्यांचं म्हणणं घेतलं अशा माणसांत स्त्रिया १९९५ मध्ये १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५ टक्के. पंचवीस वर्षांत वाढ एवढीच.

तुम्ही हेच छोट्या प्रमाणात करा. घरी येणाऱ्या दैनिकाचं शहराचं पान घ्या. प्रत्येक बातमीसाठी लिहा : बातमीत किती माणसांची नावं आहेत, त्यात स्त्रिया किती, त्या कोणत्या भूमिकेत आहेत (अधिकारी, तज्ज्ञ, पीडित, कुणाची तरी आई), त्यांचं बोलणं अवतरणात आहे का, फोटो कुणाचा. एक आठवडा पुरे. बातमीचा विषय काय होता तोही लिहून ठेवा, कारण रस्ता-पाणी-ऊस या बातम्यांत बायकांना विचारतात का, हे तेव्हाच कळतं. पाणी भरतं कोण आणि पाण्याबद्दल विचारतात कुणाला?

क्रीडापान वेगळं तपासा. नेमबाजीत कोल्हापूरचं नाव मोठं आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. नेमबाजीत तिथे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य आणलं. तिघांच्या विजयाच्या दुसऱ्या दिवशीचे अंक मिळवा आणि शेजारी ठेवा. मथळ्यात कुणाला लेक म्हटलंय, कुणाला वाघ? कुणाच्या तंत्राबद्दल लिहिलंय, कुणाच्या घरच्यांबद्दल? स्वप्निलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे, म्हणजे एक स्त्री. त्यांना किती ओळी मिळाल्या? उत्तर आधी ठरवून बसू नका. कदाचित काही ठिकाणी मुलींबद्दल जास्त चांगलं लिहिलेलं सापडेल. तसं सापडलं तर तेही वहीत जायला हवं.

चौथं काम : बघणाऱ्याला विचारा

नवीन विद्यार्थी इथे हमखास कमी पडतात. मालिकेत काय चुकलं हे ते पानभर लिहितात, पण ती मालिका रोज बघणाऱ्या बाईशी एकदाही बोलत नाहीत. हॉल यांचं म्हणणं खरं मानायचं तर अर्धा अभ्यास पडद्यासमोर बसलेला आहे.

आईला, मावशीला, शेजारच्या काकींना विचारा, पण प्रश्न साधा ठेवा. "ही मालिका स्त्रीविरोधी वाटते का?" असं विचारलं की समोरची व्यक्ती तुम्हाला हवं ते उत्तर देते. त्याऐवजी "आज त्या सुनेचं काय चुकलं?" असं विचारा आणि गप्प बसा. आजी पडद्यावरच्या सासूला शिव्या घालत असेल आणि तरी एकही भाग चुकवत नसेल, तर त्या दोन्ही गोष्टी लिहा. तिथेच अभ्यासाचं सोनं आहे. घरातली असली तरी परवानगी घ्या, नाव बदला, आणि कुणाचं व्हॉट्सॲप स्टेटस विचारल्याशिवाय वापरू नका. समर स्कूलमध्ये संशोधनाच्या नीतीबद्दल पहिल्याच दिवसांत विचारतात.

मुलग्यांनो, हा विषय फक्त मुलींचा नाही. २०१६ पासून काही वर्षं झी मराठीवर कोल्हापूरचा पैलवान नायक असलेली मालिका गाजली. तिचं चित्रीकरण जवळच वसगड्याला व्हायचं. रांगडा, लाल मातीतला, साधाभोळा, तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारणारा कोल्हापुरी गडी ही प्रतिमा सिनेमा, मालिका आणि आता रील मिळून घडवतात. तालमीत जाणाऱ्या मित्राला विचारा, या प्रतिमेचा त्याला अभिमान वाटतो की ओझं होतं? पुस्तकं आवडणारा, कुस्तीत रस नसलेला मुलगा या शहरात स्वतःला कुठे बघतो? पुरुषत्वाच्या अभ्यासाला चांगली मागणी आहे, आणि आपल्याकडे त्याची सामग्री गल्लोगल्ली आहे.

जात विसरलात तर अभ्यास अर्धवट राहील

हे मी वेगळं लिहिते, कारण परदेशी वर्गात 'भारतीय स्त्री' असा एकच गठ्ठा करून बोलण्याचा मोह होतो. लावणी घ्या. पडद्यावरची लावणी सगळ्यांना आवडते, पण ती नाचणाऱ्या बायका कोणत्या जातींतून आल्या, त्यांच्या वाट्याला कोणतं जगणं आलं, आणि टाळ्या वाजवणारे कोण होते? पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राचं नेतृत्व केलेल्या शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतिणींच्या संदर्भात हा प्रश्न नेमका मांडला. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी अमेरिकेत १९८९ मध्ये वंश आणि लिंग यांचा एकत्र विचार करायला सांगितलं. त्यांच्याबरोबर रेगे यांचंही वाचून जा.

शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तर अभ्यासासाठी फार मोलाचं आहे. मे २०२२ मध्ये या गावाने ठराव केला की पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. करोनात अनेक तरुण बायका एकट्या पडल्या होत्या, ती पार्श्वभूमी होती. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हाच्या बातम्या गोळा करा आणि बघा : बोलतंय कोण? सरपंच, मंत्री, कार्यकर्ते, की जिचं कुंकू पुसलं जायचं ती बाई? मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत फरक काय? वर्षभराने पुन्हा कुणी गावात गेलं का? सुधारणेची बातमी सांगतानाही बाईचा आवाज राहून जाऊ शकतो, आणि ते ओळखता आलं तर या विषयात तुम्ही बरीच मजल मारली असं समजा.

जुनी सामग्री कुठे शोधाल

शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आणि १८५० सालचं करवीर नगर वाचन मंदिर या दोन ठिकाणी जाऊन जुन्या नियतकालिकांची चौकशी करा. स्त्रियांसाठीचं 'स्त्री' मासिक १९३० मध्ये इथून जवळच्या किर्लोस्करवाडीहून निघालं. त्याचे अंक जिथे मिळतील तिथे बसून फक्त जाहिराती बघा; साबण, औषधं, पातळं विकताना बाईला काय काय म्हटलंय ते उतरवून घ्या. मग आजच्या रंग उजळवणाऱ्या क्रीमची गोष्ट शेजारी ठेवा : २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. नाव बदललं, जाहिरात किती बदलली हे तपासायला घरचा टीव्ही पुरतो.

सिनेमाबद्दल तर कोल्हापूरकराला कुणापुढे मान खाली घालायची गरज नाही. १९१३ मध्ये फाळक्यांच्या चित्रपटात राणी तारामतीचं काम पुरुषाने केलं. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० च्या आपल्या पौराणिक चित्रपटात स्त्रियांची कामं स्त्रियांना दिली. त्या नटींना पडद्यासाठी नावं मात्र बदलावी लागली. प्रभात १९२९ मध्ये इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. पडद्यावर बाई येणं आणि त्या बाईला समाजात जागा मिळणं यात किती अंतर होतं, हा विषय एखाद्या समर स्कूलच्या निबंधाला पुरून उरेल.

अर्ज

नोव्हेंबर-डिसेंबरपासून विद्यापीठांची पानं बघायला लागा. अंतिम तारखा वेगवेगळ्या असतात, आणि शुल्कात सवलत हवी असेल तर तिची तारीख बहुधा आधीची असते. अर्जासोबत गुणपत्रकं, थोडक्यात परिचय आणि प्रेरणापत्र, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचाय ते सांगणारं पत्र, लागतं. इंग्रजीसाठी काही ठिकाणी चाचणीचे गुण मागतात, काही ठिकाणी इंग्रजी माध्यमातून शिकल्याचं महाविद्यालयाचं पत्र चालतं; हे आधी ईमेल करून विचारा. विचारल्याने कुणी तुम्हाला कमी लेखत नाही.

प्रेरणापत्रावर सगळ्यात जास्त वेळ द्या. "मला लहानपणापासून माध्यमांची आवड आहे" हे वाक्य खोडून टाका. "माझ्या शहरातल्या चौकांतले वाढदिवसाचे फलक मी तपासले. त्यात स्त्रिया कधी आणि कुठे दिसतात याची नोंद ठेवली. आता त्या नोंदी कशा वाचायच्या हे मला शिकायचं आहे", असं लिहा. वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं की या विद्यार्थ्याकडे प्रश्न आहे. इंग्रजी साधं असलं तरी चालेल, विचार स्वतःचा हवा. पत्र आधी मराठीत लिहून काढा, मग इंग्रजीत नव्याने लिहा.

पैसे, पासपोर्ट, व्हिसा आणि पाऊस

शुल्क, राहणं, विमान, विमा, व्हिसा, रोजचा खर्च अशा सहा ओळी कागदावर वेगवेगळ्या मांडा, तरच खरा आकडा दिसतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीच्या शिक्षणासाठी आहे, अशा छोट्या अभ्यासक्रमांसाठी नाही. तिच्या भरवशावर राहू नका. विद्यापीठाची स्वतःची सवलत, महाविद्यालयाचा निधी, तालुक्यातला एखादा ट्रस्ट हे मार्ग बघा. आणि खर्च झेपत नसेल तर ऑनलाइन समर स्कूल घ्या. त्यात काही कमीपणा नाही. शिकवणारे बरेचदा तेच असतात.

पासपोर्टचं काम कोल्हापुरातल्या टपाल कार्यालयातल्या सेवा केंद्रात होतं. साध्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून प्रवेश पक्का झाला की लगेच हालचाल करा. प्रौढांना ९० युरो शुल्क आहे, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईला जावं लागेल. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो.

आणि आपल्याकडचा एक मुद्दा, जो कुठल्याही परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही. तिकडचा उन्हाळा म्हणजे इकडचा पावसाळा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. शिरोलीजवळ पाणी आलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. जुलैच्या मध्यानंतर विमान असेल तर पंचगंगेच्या पातळीवर लक्ष ठेवा आणि निदान दोन-तीन दिवस आधीच पुणे किंवा मुंबई गाठा. नातेवाइकांकडे राहायची सोय आधीच बोलून ठेवा.

वर्गात गेल्यावर

पहिले दोन दिवस बाकीचे फाडफाड बोलताना बघून दडपण येतं. त्यावर उपाय म्हणजे रोजच्या वाचनातून एक प्रश्न लिहून नेणं आणि तास सुरू झाल्या झाल्या तो विचारणं. उशीर केला की बोलायचं राहून जातं. दुसऱ्याचं म्हणणं खोडताना माणसाला नको, मुद्द्याला धरा. तिथे प्राध्यापकांशीही असंच बोलतात आणि त्यात उद्धटपणा मानत नाहीत. त्यांना नावाने हाक मारायची पद्धत असेल तर तशी मारा, संकोच वाटला तरी.

देशाची वकिली करायला आपण गेलेलो नसतो, आणि देशाची गाऱ्हाणी सांगायलाही नाही. कुणी "तुमच्याकडे हे फारच वाईट असेल ना" असं म्हटलं तर हेरवाडचा ठराव सांगा, त्याच्या बातम्यांत काय राहून गेलं तेही सांगा, आणि मग विचारा, तुमच्या वर्तमानपत्रांत बातमीतल्या स्त्रिया किती टक्के? चर्चा तिथून खरी रंगते.

फलकांचे फोटो, कात्रणं, मुलाखतींच्या नोंदी ऑनलाइन साठवणीत (क्लाउडवर) आणि पेनड्राइव्हवर अशा दोन ठिकाणी ठेवा, प्रत्येकाला तारीख, जागा आणि मराठी मजकुराचं दोन ओळींचं इंग्रजी भाषांतर जोडून. सादरीकरणाच्या आदल्या रात्री ते करायला वेळ मिळत नाही. अभ्यासक्रम संपताना नुसतं प्रमाणपत्र घेऊन निघू नका. श्रेयांक (क्रेडिट), गुण आणि एकूण तास लिहिलेलं अधिकृत गुणपत्रक मागून घ्या. युरोपात एक श्रेयांक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, हे परतल्यावर विभागप्रमुखांना दाखवता येतं. निबंधावरचा प्राध्यापकांचा लेखी अभिप्रायही तिथे असतानाच मागा. तीन आठवड्यांनी पाठवलेल्या ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो.